तळ्यातला गोल

भरावावर चढून खाली पाहिलं आणि क्षणभर वाटलं, आपण भलत्याच तळ्यावर आलोय. लहानपणापासून पाहिलेलं ते सपाट, भेगाळलेलं पोट कुठंच नव्हतं. पोकलेननं गाळ उपसून उपसून खाली पिवळा मुरूम उघडा पाडला होता. जागोजागी माणूस बुडेल असे खड्डे, त्यांच्या कडांवर मशीनच्या दातांचे ओरखडे. आणि या सगळ्या खणाखणीच्या मधोमध एक भलामोठा गोल तेवढा शाबूत होता. भोवतीची जमीन खाली गेल्यामुळं तो आता उंच दिसत होता, एखाद्या ओट्यासारखा. त्याला कुणी फावडंसुद्धा लावलं नव्हतं.

मला रडू आलं. साठीला टेकलेली बाई भर दुपारी भरावावर उभी राहून रडताना बरी दिसत नाही, म्हणून मी चष्मा पुसायला काढला. शेजारी बंडू उभा होता. हा बंडू आता गावाचा सरपंच आहे, पोट सुटलंय, पण एके काळी याच तळ्यात मोटारसायकल पळवायचा. तोही मुद्दाम दुसरीकडं बघत राहिला.

"कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं, ताई," तो म्हणाला. "मशीनच्या डायवरला बी न्हाय. पर गोलापसी आलं की जो तो आपला ट्रॅक्टर दुसऱ्या अंगाला घालायचा. आसं करत करत एवढंच ऱ्हायलं बघा."

गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या रानात नेला होता. मशीन परवा दुसऱ्या गावाला जाणार होतं आणि आभाळ तर रोज दुपारी भरून येत होतं. गोल नेमका तळ्याच्या सगळ्यात खोलगट जागी. तेवढाच ठेवला तर पाणी साठायचं कुठं? पिण्याच्या पाण्याची विहीर त्याच अंगाला आहे, तिचे झरे तिथूनच लागतात. उन्हाळा आला की तालुक्याच्या भूमहून येणाऱ्या टँकरची वाट बघत घागरी मांडून बसणारं हे गाव. तरीही त्या मातीला हात लावायला कुणी धजत नव्हतं.

"दादांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"इचारलं की. त्ये म्हनले, हिला इचारा. आता वहिनींच्या म्होरं कोण जाणार? म्हनून तर तुमाला फोन केला."

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. त्यांचा एकुलता एक मुलगा दत्ता याच गोलावर मोटारसायकल पळवताना गेला. त्याला आता वीसेक वर्षं झाली. त्या दिवसापासून दादा आणि वहिनी, दोघंही या तळ्याकडं फिरकले नव्हते. एकमेकांशी त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. आणि बंडूला वाटत होतं की मी शहरात राहते, चार बुकं शिकलेय, तर हे कोडं मी चहा पिता पिता सोडवून टाकीन.

मी भरावावरच बसले. घरी जायचा धीर होईना.

आमचं गाव खव्याचं. आता एकदोन भट्ट्या उरल्यात, पण माझ्या लहानपणी पहाट उजाडायची तीच धुरानं. बाभळीच्या लाकडाचा तो धूर डोळ्यांत जायचा आणि त्याच्यामागून आटणाऱ्या दुधाचा वास यायचा. गोडसर, किंचित करपट, अंगाला आणि केसांना चिकटून राहणारा. शाळेत आम्ही खव्याची पोरं वासावरून ओळखू यायचो. पुढं लातूरला नोकरीला लागले, तेव्हा पहिले काही महिने मला सकाळ झाल्यासारखी वाटायचीच नाही. कारण काय ते पुष्कळ दिवसांनी कळलं, सकाळीला वासच नव्हता.

तो खवा भूमला नेऊन पहिल्या एसटीत चढवायचा असायचा. सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, पाठीमागं खव्याची पाटी ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पहिली गाडी सापडली तर माल शहरात ताजा पोचायचा, नाहीतर उन्हात आंबायचा. उन्हाळ्यात तळं आटलं की ही पोरं सडकेचा वळसा टाळून तळ्यातूनच आडवी जायची. धुरळ्याचा एक पट्टा तळ्यातून सरकताना दिसला की आई म्हणायची, "निघाली बघ वरात."

मग कोण आधी पोचलं, कुणी कुणाला कट मारला, कुणाची पाटी सांडली, यावरून स्टँडवर रोजची भांडणं. आमचे वडील, आप्पा, या भांडणांना विटले. त्यांनी सगळ्या पोरांना भट्टीवर बोलावलं आणि म्हणाले, "सडकंवर मराल लेकहो. वर्सातून एकदा तळ्यात पळा, काय ती खुमखुमी जिरवा, आन् बाकीचं वरीस सरळ चाला." गोल जन्माला आला तो असा. शर्यतीचा शौक म्हणून नाही, भांडण मिटावं म्हणून. मोटारींच्या शर्यतीचे मोठमोठे रस्ते जगात कुठं कुठं आहेत आणि त्यांना कसली कसली नावं आहेत, हे मला पुढं टीव्हीवर कळलं. आमच्याला नावच नव्हतं. नुसता गोल.

तो आखायची आप्पांची रीत मला अजून दिसते. तळ्याच्या मध्ये पहार ठोकायची. तिला जुन्या मोटेचा नाडा बांधायचा. मोट केव्हाच गेली होती, पण तो नाडा माळ्यावर गुंडाळून ठेवलेला असायचा. नाड्याचं दुसरं टोक धरून आप्पा ताठ चालायला लागायचे. त्यांच्या खांद्यावर राखेचं पोतं, खाली बारीक भोक पाडलेलं. प्रत्येक भट्टीवरून एक टोपलं राख यायची, त्यात कुणाची काळी, कुणाची पांढरी, सगळी एकत्र कालवलेली. आप्पांच्या मागं जमिनीवर राखेची रेघ उमटत जायची आणि फिरून सुरुवातीला येऊन मिळायची. मिळाली की ते पोतं झटकायचे आणि राखेनं माखलेल्या चेहऱ्यानं आमच्याकडं बघून हसायचे. एरवी आप्पा फारसे हसत नसत.

गाड्या नेहमी उजव्या हाताला मध्य ठेवून पळायच्या, देवाला घालतो तशी प्रदक्षिणा. एका वर्षी सोलापूरहून एक हुशार पाहुणा आला. त्यानं उलट्या अंगानं पळायची टूम काढली, गाड्यांना ते सोपं जातं म्हणाला. आप्पांनी त्याला खवा खायला घातला, चहा पाजला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि गाड्या सुलट्याच पळवल्या.

येरमाळ्याची यात्रा उलगली की तिथले गारेगारवाले, फुगेवाले आमच्याकडं वळायचे. भरावावर माणूस मावायचं नाही. पहाटेपासून घराघरातून बायका एकेक घागर घेऊन तळ्यात उतरायच्या आणि गोलावर हातानं सडा घालायच्या, धुरळा दबावा म्हणून. चैत्र-वैशाखातली ती घागर. तेवढ्या पाण्यात एका घराची दिवसभराची तहान भागली असती. पण कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. ओल्या झालेल्या त्या काळ्या मातीचा वास, त्यात पेट्रोलचा, गाड्यांच्या निळ्या धुराचा, वाळलेल्या शेवाळाचा. गाळात मेलेल्या शिंपल्या असायच्या, त्या चाकाखाली करकर फुटायच्या. सुरुवातीच्या वर्षांत गाड्यांना रिकामे कॅन बांधूनच पळवायचे, नाहीतर खवेवाला कशानं म्हणायचा? त्या कॅनचा खडखडाट डोंगरापर्यंत जायचा. पुढं वेगाच्या नादात कॅन गेले. मला तो खडखडाट फार आवडायचा.

पण हे सगळं मी कडेकडेनं पाहिलेलं. खरी शर्यत मी ऐकली, घरात बसून. कारण आमच्यात एक रीत होती. ज्या घरचा गडी गोलावर असेल, त्या घरची बाई बघायला जायची नाही. आई असो की बायको, ती भट्टीवर बसणार, कढईत दूध ओतणार आणि गाडी परत दारात येईपर्यंत उलथणं हलवत राहणार. खवा असा की हात थांबला की खाली लागतो. म्हणून हात थांबवायचा नाही. करपलाच तर गाडीला अपशकुन. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही. मला वाटतं, घरात बसून जीव टांगणीला लागलेल्या कुण्या बाईनं हाताला चाळा म्हणून ती स्वतःच काढली असेल आणि मग बाकीच्यांनी तिचा नेम करून टाकला.

दादा पळायचे तेव्हा आई भट्टीवर असायची आणि मी तिच्याजवळ. घामाची धार तिच्या हनुवटीवरून खाली पडायची. तळ्याकडून आवाज यायचा, मोठा व्हायचा, लहान व्हायचा, पुन्हा मोठा. "आपली कंची गं?" आई विचारायची. दादांच्या गाडीचा आवाज मी ओळखायची. तो जरा घोगरा होता, सर्दी झाल्यासारखा. "आहे, आहे," मी सांगायची. आईचा हात तेवढ्यापुरता सैल पडायचा. शेवटी दादा धुळीनं भरून दारात यायचे, नुसते दात आणि डोळे दिसायचे. आई त्यांच्याकडं न बघता कढई उतरवायची आणि म्हणायची, "पाय धू आधी." तो खवा विकायचा नसायचा. गल्लीत वाटायचा, गरम गरम, पळसाच्या पानावर.

मग पाऊस. पाणी चढत चढत यायचं आणि एका सकाळी गोल दिसेनासा व्हायचा. थंडीत तळ्यावर चक्रवाक यायचे, काठाला हरभरा, गहू. त्या दिवसांत कुणी गोलाचं नावसुद्धा काढत नसे. पाणी उतरायला लागलं की होळीच्या सुमाराला चाकांनी दाबलेली ती माती बाकीच्या गाळाच्या मागून वर यायची, आधी कोयरीएवढा तुकडा, मग अर्धं कडं, मग सगळाच. शाळेतून येताना आम्ही रोज बघायचो, आज किती निघाला.

वहिनी आमच्या घरी आल्या तेव्हा दादांचं पळणं संपत आलं होतं. त्या जळकोटच्या, तुळजापूर तालुक्यातल्या. त्यांच्या माहेरी सगळी शेती, भट्टी त्यांनी कधी पाहिली नव्हती. आईला त्या अव्वा म्हणायच्या, तिकडच्या कानडी रिवाजाप्रमाणं, आणि आई त्या एका हाकेवर विरघळून गेली. वर्षभरात त्या असा खवा करायला लागल्या की भूमचे पेढेवाले आमची पाटी आधी मागायचे. आप्पा गेल्यावर पोतं दादांच्या खांद्यावर आलं. गोल आता ते आखायचे आणि हात खाली करून गाड्याही तेच सोडायचे.

आणि दत्ता वाढला तो गोलाच्या कडेलाच. लातूरला माझ्याकडं यायचा तेव्हा त्याच्या हातांना पेट्रोलचा वास असायचा, साबणानं दोनदा धुतले तरी. "आत्या, मी बाबांपेक्षा भारी चालवतो, फक्त तू त्यांना सांगू नको," म्हणायचा. हसला की आप्पांसारखा दिसायचा. गोलावर उतरायची परवानगी त्यानं दादांकडून कशी मिळवली, किती दिवस मागं लागला, ते मला ठाऊक आहे, पण आता त्याला काय अर्थ आहे.

त्या दिवशी काय झालं, कसं झालं, ते मी लिहिणार नाही. मी तिथं नव्हते आणि जे होते त्यांनीही मला दोन सारख्या गोष्टी सांगितल्या नाहीत. मी संध्याकाळी पोचले. मला आठवतो तो फक्त वास. साऱ्या गल्लीत करपलेल्या खव्याचा वास भरला होता, इतका दाट की घशात बसावा. भट्टीवर कढई तशीच, तळाला काळं कोळशासारखं काहीतरी. ती कढई पुढं कितीतरी दिवस कुणी घासली नाही.

माणसं भेटायला येत होती. त्यातल्या बायका ओसरीवर बसून हळू आवाजात म्हणत होत्या, खवा करपला तेव्हाच वाटलं बाई. बातमी ऐकून वहिनी भट्टीवरून उठल्या आणि मग खवा करपला, असं कुणी म्हणायचं. तर कुणी म्हणायचं, नाही, वास आधीच सुटला होता. मला इतका संताप आला की मी त्या सगळ्यांना हात धरून उठवणार होते. आत वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

भट्टी पुन्हा पेटली नाही. दूध डेअरीला जायला लागलं. पुढच्या वर्षी यात्रा झाली, तळं आटलं, गोल वर आला आणि राखेचं पोतं कुणी बाहेर काढलं नाही. बंद करा असं कुणी म्हटलं नाही, चालू करा असंही नाही. बघता बघता एक जत्रा संपली आणि मोटारसायकली पुन्हा नुसत्या दूध नेणाऱ्या गाड्या झाल्या.

मी दर दिवाळीला भाऊबीजेला जायची. घर तसंच होतं, नीटनेटकं. दादा आणि वहिनी एकमेकांशी गोडीनं बोलायचे, म्हशीबद्दल, औषधाबद्दल, रानात काय पेरायचं त्याबद्दल. पण दत्ताचं नाव नाही. दादा वहिनींच्या डोळ्याला डोळा देत नसत. मला वाटायचं, वहिनींनी दादांना माफ केलेलं नाही. दादांनाही तेच वाटायचं. एकदा ते मला म्हणाले होते, "तिनं एकदा तरी मला शिव्या घालाव्या बाई. निदान मोकळा तरी होईन." मी वहिनींना ते सांगितलं नाही. काही घरांत आपण पाहुण्यासारखंच राहावं, असं मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

घरी गेले तेव्हा वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी आले हे पाहून सूप खाली ठेवलं, पाणी दिलं, लेकीसुनांची चौकशी केली. मी जेवले. आडवी झाले. उठून चहा घेतला. विषय काढायला मला तिन्हीसांजा झाल्या आणि काढला तोही फार वाईट काढला, आधी पाणी, मग विहीर, मग गाव, असं गोल गोल फिरत.

वहिनींनी मध्येच थांबवलं. "वन्सं, मशीन कवा जाणार हाय?"

"परवा."

"मंग उद्या सकाळी जाऊ." आणि ओसरीवर बसलेल्या दादांकडं न बघता म्हणाल्या, "तुमीबी चला."

सकाळी उठून बघते तर दादा अंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर तयार बसले होते, परगावी निघाल्यासारखे.

ऊन चढायच्या आत आम्ही तळ्यात उतरलो. बंडू तिथंच होता. मशीनचा ड्रायव्हर, परमुलखातला पोरगा, बादलीत तोंड धूत होता. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला. गोलावर चढायला मशीननं एका बाजूनं उतार ठेवला होता. दादा त्या उताराशी येऊन थांबले आणि त्यांना पुढं पाऊल टाकवेना. त्यांनी माझा हात धरला. वहिनी मात्र थांबल्या नाहीत. पदर खोचला आणि चढल्या.

वर लव्हाळा वाळून पडला होता. मातीवर शिंपल्यांचा चुरा होता. कडेनं कडेनं वहिनी चालत गेल्या, उजव्या हाताला मध्य ठेवून. आम्ही मागून गेलो, दादासुद्धा. भरावाच्या बाजूला एक जुनी बाभळ आहे. तिच्या समोर आल्यावर वहिनी थांबल्या.

"म्या तिथं हुबी व्हते," त्या म्हणाल्या. "त्या बाभळीखाली."

"कवा?" दादांनी विचारलं.

"त्या दिशी."

दादांना कळेना. मलाही कळलं नाही. "तू तर भट्टीवर व्हतीस," ते म्हणाले.

"न्हाय. भट्टी सोडून आल्ते." वहिनी बाभळीकडंच बघत होत्या. "समदी दुनिया माझ्या लेकराला बघती, म्हनलं, म्याच का बघू न्हाय? एक डाव बघते आन् माघारी जाते. कढई तशीच ठिवली. तोंडावर पदर घेतला, कुणी वळखलं न्हाय. एक फेरा बघून जाणार व्हते. मंग म्हनलं, आजून एक. आन् मंग..." त्या थांबल्या. "खवा आधीच करपला हो. त्याला काय व्हायच्या आधी. म्या हितं बघत हुबी व्हते तवाच करपला. गावातल्या बाया खोटं नव्हत्या म्हनत. म्याच हात थांबिवला."

ड्रायव्हर पोराच्या हातातली बादली तेवढी वाजली.

"कसं सांगावं तुमाला?" वहिनी म्हणाल्या. "तुमचं एकुलतं एक लेकरू. तुमी मला काय म्हनला आस्ता?"

"म्या?" दादांचा आवाज फाटला. "अगं, म्या काय म्हननार? गाड्या म्या सोडल्या. त्याला गाडी शिकिवली म्या, गोलावर जा म्हनलं म्या. मला वाटायचं, तू मला म्हनतीस. समदी वर्सं मला वाटायचं, ही मला मनात म्हनती."

"तुमाला?" वहिनी आता पहिल्यांदा त्यांच्याकडं वळल्या. "तुमाला कशाला म्हनू?"

त्या दोघांकडं बघवेना. मला आमचा सगळ्यांचाच राग आला. त्या रीतीचा, ओसरीवर कुजबुजणाऱ्या त्या बायांचा, माझ्या पाहुणेपणाचा. कढईतलं दूध आणि तळ्यातली गाडी यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे मी शाळेत पोरांना शिकवत आले आणि माझ्या घरात एक बाई वीस वर्षं स्वतःला खुनी समजत राहिली. तिच्या शेजारच्या खाटेवर तिचा नवरा स्वतःला खुनी समजत राहिला. दोघांनी एकमेकांच्या पथ्याच्या भाकरी जपल्या आणि एवढं एकच तेवढं सांगितलं नाही.

दादा खाली बसले, तिथंच मातीवर. मग त्यांनी विचारलं, "कसा चालवत व्हता गं?"

वहिनींचा चेहरा एकदम बदलला. इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"लई भारी," त्या म्हणाल्या. "वळणाला आसा वाकायचा की हात जिमिनीला लागंल. आन् हसत व्हता हो. तोंड झाकलेलं व्हतं, तरी मला कळलं, हसतोय. सगळ्यांच्या म्होरं व्हता. बंडू भावजी माघं व्हते."

आम्ही बंडूकडं पाहिलं. मोठा सरपंच माणूस, पण टोपी काढून लहान पोरासारखा डोळे पुसत होता. "व्हय दादा," तो म्हणाला. "माघंच व्हतो मी. लई माघं. त्याला गाठणं आमच्याच्यानं झालं नसतं."

ऊन चढायला लागलं होतं. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. "ये बाबा, कर चालू. पाणी साठू दे हितं." बंडूनं विचारलं, ही माती कुणाच्या रानात टाकायची. वहिनी म्हणाल्या, "एका जागी नगं. ज्याला पायजे त्याला दे. थोडी थोडी समद्यांच्या रानात जाऊ दे."

आम्ही उतरून भरावाच्या पायथ्याशी येऊन बसलो. मशीन सुरू झालं आणि त्याचा आवाज तळ्यात घुमायला लागला. त्यानं मातीचा पहिला घास घेतला तेव्हा दादांनी मान खाली घातली. ते पुटपुटत काहीतरी बोलत होते. आवाजात ऐकू येत नव्हतं, म्हणून वहिनी त्यांच्या अगदी जवळ सरकल्या.

"मला दिसलाच न्हाय गं त्यो," दादा म्हणत होते. "हात खाली केला आन् निस्ता धुराळा उडाला. एक डाव बी दिसला न्हाय मला."

वहिनींनी त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "म्या बघितला की. तुमच्या वाटणीचा बी म्याच बघितला."